माझा चीक, त्यायचा सोऱ्या

"लोक येतात, पाह्यतात, चांगलं आहे म्हनतात, अन् निघून जातात."

नातीन जिन्याच्या पायरीवर बसून चहात बिस्कुट बुडवत हे बोलली, तवा मी छतावर मुंगवड्या टाकून राहिली होती. माझा हात तिथंच थांबला. हेच्या हेच बोलनं मी एकदा बोलली होती, भिलाईच्या कॅम्प एक वस्तीतल्या खोलीच्या दारात बसून. तवा ऐकाले कोनी नव्हतं.

"कोनते लोक?" मी इचारलं.

"डेव्हलपर, आजी."

डेव्हलपर म्हंजे मोबाईलमंधी अन् कंप्युटरमंधी चालनारे प्रोग्राम बनवनारे पोरं-पोरी. एवढं मले मालूम होतं, कारन आमच्या हुडको कॉलनीतल्या घरात वरच्या खोलीत अशा तीन पोरी रोज बसत. एक आमची नातीन अन् दोन तिच्या मैत्रिनी. त्यायची कंपनी बंगलोरची, लहानशी. कंपनीनं एक डेटाबेस बनवला होता, म्हंजे माहिती ठेवाची जागा. जागा चांगली बनली, पन तिथं आपलं सामान ठेवाले कोनी येईना. मंग कंपनीनं या तिघीयले सांगतलं, उन्हाळा लागेपर्यंत तुमच्या भागातले डेव्हलपर याच्यावर काम कराले लागले तर भिलाईची खोली राहीन. नाई तर खोली बंद, तुम्ही बंगलोरले या.

नातीनीले जायचं नव्हतं. "काम इथं बसून होते, तर जाऊ कावून?" हे तिचं म्हननं. मी तिले जाय बी म्हनलं नाई अन् राहाय बी म्हनलं नाई. कुठं राहाचं हे मले जिंदगीत कोनी इचारलं नव्हतं. बापानं भंडाऱ्याकडं ज्या गावात देली तिथं गेली, मालकाले, म्हंजे माझ्या नवऱ्याले, इकडे काम भेटलं म्हून इकडे आली, खोली सोडा म्हनलं का सोडली. या पोरीचं राहनं तरी तिच्या मनानं व्हावं, इतकंच मले वाटे.

"तुह्या डेटाबेसमंधी असं नवं आहे काय?" मी म्हनलं.

तिनं दोनदा समजावलं. मले काई समजलं नाई. तिसऱ्या खेपेले तिची नजर जिन्यातल्या खुंटीवरच्या माझ्या पोटल्यायवर गेली.

माझ्या पोटल्यायचं असं आहे. मी लोकायच्या घरचं वाळवन करतो, लय वर्सं झाली. मी दुसरीपर्यंत शिकली, लिहाले जमत नाई, म्हून वही ठेवत नाई. एका घराची एक पोटली. त्या घराचं जे काय आहे ते तिच्यात. एकीच्या पोटलीत जाडं मीठ, म्हंजे त्या घरी खारं लागते. एकीच्या पोटलीत वाळली मिरची. एकीत पाच गाठीचा दोरा, म्हंजे पाच पायल्या गहू. एका रेल्वेवाल्या बाईच्या पोटलीत तीन रंगाच्या बांगड्यायचे तुकडे, कारन तिच्या तीन लेकी तीन गावाले देल्या आहेत अन् तिघीयले वेगवेगळं पाठवा लागते. छत्तीसगढी शेजारनीच्या पोटलीत कोहळ्याच्या बिया, कारन तिले कोहळ्याच्या वड्या पायजेत, ज्याले ते रखिया बडी म्हनते. एका पोटलीत जे आहे ते दुसरीत असनच असं नाई.

"हेच, आजी," नातीन म्हने. "यही तो डॉक्युमेंट है. एक घर, एक पोटली, अन् त्याच्यात जिचं तिचं सामान. दुसऱ्या डेटाबेसमंधी रेशनच्या फारमासारखे ठरलेले खाने, म्हंजे चौकटी, राहतात. ज्याले खाना नाई ते लिहाचं कुठं?"

"मंग चांगलं आहे ना."

"चांगलंच आहे. तरी जातात."

"तू त्यायच्या समोर मांडतं काय?"

मंग तिनं ते समोरचं सांगतलं. पोटली आतमंधी राहते, ते कोनाले दिसत नाई. मोबाईलवर जे दिसते, बटनं, रंग, फोटो, त्याले फ्रंट एंड म्हनतात. ते बनवाले तयार साचे राहतात, त्याचं नाव फ्रेमवर्क. सध्या तीन साचे लय चालतात. ज्याच्या हाताले जो बसला तो त्याचा.

"अन् तुमच्या पोटलीले कोनता साचा लागते?"

"आमचा घरचाच आहे," नातीन जराशी ताठून बसली. "मीच बनवला. सहा महिने लागले. बहुत सुंदर है, आजी."

"म्हंजे तुमची पोटली घ्याची तर आधी तुमचाच साचा शिका?"

"हां. पन सोपा आहे."

मी पिठाचं गंज-पातेलं बाजूले सरकवलं अन् हात पुसले. "बस जराशी. तुले एक सांगतो."

आमचे मालक ठेकेदाराच्या ट्रकवरून दगड उतरवत. एक दिवस त्यायचा पाय सरकला, खाली पडले, कंबर गेली. त्याच्यात कोनाची चूक नव्हती. घरात दोन लेकरं, ते खाटेवर, अन् मी. रडून खाटेवरचा मानूस उठत नाई, म्हून मी रडली नाई. मले एकच काम येत होतं, कुरुड्या. गहू तीन दिवस भिजवाचा, रोज पानी बदलाचं, मंग वाटून, गाळून त्याचा चीक काढाचा. तो चीक शिजवून गरम गरम सोऱ्यातून पाडाचा. माझ्या मायनं मले पितळेचा सोऱ्या देला होता. त्याची जाळी अशी बारीक होती का कुरुडी तेलात टाकली का फुलावानी उमले.

तो सोऱ्या घासून, चमकवून मी खोलीच्या दारात ठेवला अन् बसली. गहू आना, कुरुड्या करून देतो. बाया येत. सोऱ्या हातात घेत, उलटून पाहत, लय चांगला आहे बाई म्हनत, अन् निघून जात. महिनाभर असंच चाललं. लेकरायले मी तवा गव्हाच्या कोंड्याची भाकर देली. कोंडा संपला त्या दिवशी पानी देलं.

एक दिवस त्या रेल्वेवाल्या बाईले मी इचारलंच. "बाई, माझ्या कामात काई खोट आहे का?"

"खोट नाई वो," ती म्हने. "पन माझ्या घरी माझ्या सासूचा सोऱ्या आहे. लेकीच्या सासरी टोपली गेली का तिथं बाया जाळी पाहून ओळखतात, हे कोनत्या घरचं. तुह्या जाळीच्या पाठवल्या तर म्हनतीन, मायनं इकतच्या धाडल्या."

आमच्याकडे असंच आहे. लेकीच्या घरी जानारी कुरुडी आपल्या घरच्या सोऱ्याची पायजे. मले हे लहानपनापासून मालूम होतं, तरी मी माझ्याच सोऱ्यावर फुगून बसली होती.

"मंग तुमाले तरास कायचा आहे?" मी इचारलं.

"भिजवाचा अन् वाटाचा. खांदे उतरतात माझे. पाडाले काय, पाडाले तर मजा येते."

मी माझा सोऱ्या पेटीत टाकला. उधारीचा गहू भिजवून चीक काढला, बालटीत घेतला, डोक्यावर ठेवला अन् घरोघर गेली. तुमचीच चूल, तुमचाच सोऱ्या, चीक माझा. पहिल्याच दिवशी मी एक चूक केली. एका घरी चीक शिजवला अन् तोच गंजातून दुसऱ्या घरी नेला. त्यायचा सोऱ्या लाकडाचा होता. चीक घट्ट झाला, मी दाबला, अन् सोऱ्याची छाती फाटली. सोऱ्या त्या घरच्या आजेसासूचा. मी मान खाली घालून तो सुताराकडं नेला, तारेनं बांधून आनला. लाकडी सोऱ्याले नरम पायजे अन् पितळेच्याले घट्ट, हे मले त्या दिवशी समजलं. मंग जसा ज्याचा सोऱ्या तसा मी चीक शिजवाले लागली. त्या वर्सी होळीपर्यंत मले अकरा घरं झाली. मालक खाटेवरच होते, पन लेकरं जेवत होते.

इतकं सांगून मी पुन्हा मुंगवड्या टाकाले लागली. नातीन उठली.

"तुझं वेगळं आहे, आजी. हे टेक्नॉलॉजी आहे."

"वेगळंच असन," मी म्हनलं.

दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाई. सहा महिने हातानं बनवलेली चीज कोनी पेटीत टाका म्हनलं तर मानूस रुसनच. मी बी रुसली होती तवा, पन माझ्या रुसव्याले येळ कमी होता.

तिसऱ्या दिवशी वरच्या खोलीतून तिघीयचं हसनं आलं. नातीन धपाधप खाली आली.

"टाकला पेटीत," ती म्हने.

"काय?"

"माझा साचा. आता त्या तीन साच्यायसाठी तीन वेगळ्या तयाऱ्या बनवून राहिलो आम्ही. ज्याचा जो साचा आहे तो त्यानं उघडाचा, आमची एक ओळ लिहाची, अन् पोटल्या आतून जोडलेल्या. कठीन भाग आम्ही आधीच करून ठेवनार. दहा मिनटात त्याचं काम सुरू."

"तिन्हीले एकसारखंच बनवू नको. लाकडी कोनता अन् पितळी कोनता, पाहून घे."

तिची मैत्रीन जिन्यावरून ओरडली, "दादी को ही मैनेजर बना दो यार, हम लोग बड़ी सुखाएँगे."

"तुमाले जमनार नाई," मी म्हनलं. "ऊन पाहून उठा लागते."

ठरलं असं का हुडकोतल्या एका हॉलमंधी रविवारी सगळ्या डेव्हलपरायले बोलवाचं. दुर्ग, रायपूर, जिथून येतीन तिथून. नमुना म्हून माझ्याच पोटल्या कंप्युटरमंधी टाकाच्या. मी आधी नाई म्हनलं. कोनाच्या घरी मीठ बंद आहे, कोनाच्या लेकीले काय पाठवतात, हे चारचौघात दाखवाची गोष्ट नाई. तर नातीनीनं मनानं बनवलेली घरं टाकली. खऱ्या पोटल्या फक्त टेबलावर ठेवाच्या, कोनाच्या आहेत ते सांगाचं नाई.

हे सगळं मी सांगतो अन् सून, नातीनीची माय, लिहून घेते, म्हून पुढच्या घोटाळ्याचं आधीच सांगून ठेवतो. कल्पना तिची होती, पन हात माझेच होते.

शुक्रवारी सून म्हने, "आत्याबाई, एवढे शिकलेले लोक येनार, अन् त्यायच्यासमोर या मळक्या पोटल्या ठेवता?"

मले बी लाज वाटली. आम्ही दोघीयनं सगळ्या पोटल्या सोडल्या. फडके धुवाले टाकले. सुनेनं स्टीलचे डबे काढले. एका डब्यात सगळं मीठ, एकात सगळ्या मिरच्या, एकात सगळे दोरे, एकात बांगड्यायचे तुकडे, एकात बिया. डबे ओळीनं लावले. इतकं चांगलं दिसत होतं का आम्ही दोघी उभ्या राहून पाहत होतो.

तेवढ्यात रेल्वेवाल्या बाईची सून आली. "आजी, आमचं यंदा मागच्यासारखंच करा. मागच्या वर्सी किती होतं?"

मी दोऱ्यायचा डबा उघडला. त्याच्यात वीस-पंचवीस दोरे, गाठी सगळ्यायले. त्यायचा कोनता, ते काई समजेना.

"उद्या सांगतो," मी म्हनलं.

नातीन खाली आली तवा मी डब्यायसमोर मांडी घालून बसली होती. तिनं डबे पाह्यले, तारेवरचे फडके पाह्यले, अन् खाली फरशीवर बसून हसाले लागली. इतकी हसली का तिच्या मैत्रिनी धावत आल्या.

"आजी, तूनं तर टेबल, म्हंजे तेच रेशनच्या फारमाचे खाने, बनवून टाकले," ती म्हने. "एका घराचं इचारलं तर आता पाच डबे उघडा लागतीन, अन् कोनाचं कोनतं ते जोडत बसा लागन. याच्याचसाठी तर आम्ही पोटली ठेवतो."

"हसू नको. परवा कार्यक्रम आहे अन् माझे पंचवीस घरं गेले."

मंग चौघी बसल्या, सून धरून पाच. मी डोळे मिटून एकेक घर आठवे. कोनत्या घराचा दरवाजा कसा, चूल कुठं, सोऱ्या कोनता. त्याच्यावरून मीठ, त्याच्यावरून दोरा. पोरी हातात देत, मी बांधत जाये. फडके ओलेच होते. छत्तीसगढी शेजारीन आवाज ऐकून आली, म्हने, "का होगे दाई?" म्हंजे काय झालं, अन् ती बी बसली, स्वतःच्या बिया स्वतःच शोधून देल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या पोटल्या बांधून झाल्या. एक निळं बटन तेवढं उरलं. ते कोनाचं ते मले आज बी आठवत नाई.

रविवारी मले नातीनीनं पहिल्या रांगेत बसवलं. हॉल अर्ध्याच्या वर भरला. तिनं सुरवातच माझ्या डब्यायपासून केली. लोक हसले. मी बी हसली, दुसरं काय करनार. मंग एक चष्मेवाला उठला, चांगला तीस-पस्तिशीचा.

"मॅडम, सीधी बात बताओ. ये भी अब नया सीखना पड़ेगा?"

"नहीं भैया," नातीन म्हने. "आप जो चलाते हो, वही खोलो."

"और नहीं चला तो?"

"तो समोसा मेरी तरफ़ से."

"समोसा तो वैसे भी आपकी तरफ़ से है."

सगळा हॉल हसला.

त्यानं लॅपटॉप उघडला, काई ओळी लिहिल्या. पडद्यावर पोटल्या आल्या, एकाखाली एक. त्याच्या बाजूले एक पोरगी बसली होती, तिचा साचा दुसरा. तिच्याकडं त्याच पोटल्या चौकोनी पत्त्यायवानी आल्या, रंगीत. मागच्या रांगेत तिसरा साचावाला होता. त्याचं अडलं. नातीनीची मैत्रीन धावत गेली, काई बदललं, अन् त्याचं बी चाललं. चष्मेवाल्यानं स्वतःचं एक घर टाकलं. त्याच्यात एवढंच लिहिलं, चाय में शक्कर नहीं. ना गहू, ना मीठ, ना काई. त्याले वाटलं असन आता हे रुसन. रुसलं नाई. ते घर बी बाकीच्या घरायच्या ओळीत जाऊन बसलं.

चहा आला. कोनी उठलं नाई. पाहून निघून जानारा मानूस मी लय पाह्यला आहे. तोंडानं चांगलं म्हनते, पन त्याचे पाय आधीच दरवाजाकडं वळलेले राहतात. त्या दिवशी सगळ्यायचे पाय टेबलाखाली होते अन् समोसे थंडे होत होते.

चष्मेवाला मंग माझ्याकडं आला. "दादी, ये पोटलियाँ असली हैं?"

"असली आहेत," मी म्हनलं. मी हिंदी बोलतो, पन त्या दिवशी निघाली नाई.

तो एकदम मराठीत आला. "माझी आई बी आपला सोऱ्या कोनाले देत नाई. आम्ही गोंदियाकडचे. नंदिनी नगरले राहतो."

"तुह्या घरचा लाकडी आहे का पितळी?"

"ते काई मालूम नाई, आजी."

"घरी जाऊन पाह्य, मंग कोड लिही."

तो हसला अन् पुन्हा जाऊन लॅपटॉपसमोर बसला.

त्याच्या नंतरचे दिवस पोरीयचे फोन बंदच होईनात. कोनी दुर्गहून इचारे, कोनी रायपूरहून. ज्याचं जिथं अडलं तिथं ह्या तिघी त्याच्याच साच्यात जाऊन सोडवत. नातीन जेवता जेवता उठे. सून ओरडे, "ताट थंडं होऊन राहिलं," अन् मी म्हनो, होऊ दे. उन्हाळा लागत आला होता. मी तिले काई इचारत नव्हती. इचारलं असतं तर तिले वाटलं असतं का मले घाई आहे.

एका सकाळी बंगलोरचा फोन आला. ती वरतं बोलत होती, मी खाली गहू निवडत होती. ती हळूहळू एकेक पायरी उतरली, तर मले वाटलं गेलं. मी सुपातून नजर काढली नाई.

"आजी, खोली राहिली."

"बरं," मी म्हनलं.

सून स्वयंपाकघरातून आली अन् रडाले लागली. नातीन माझ्यासमोर बसली.

"एवढंच? बरं?"

"मंग काय नाचू?"

"हां. नाच."

मी सूप खाली ठेवलं. गुडघे दुखतात माझे, पन उठली. दोन्ही हात वर करून एक गिरकी घेतली, अर्धीच. नातीन टाळ्या वाजवत होती अन् सून रडता रडता हसत होती. मालक गेल्यापासून या घरात मी कधी नाचली नव्हती. ते होते तवा बी नाई.

संध्याकाळी माझा पोरगा, नातीनीचा बाप, कामावरून आला तर रिक्षात कूलर घेऊन. "वरतं टिनाची खोली आहे," तो म्हने. "तिघी उन्हाळाभर बसनार तर भाजून निघतीन." कूलर मोठा, जिना अरुंद. मधल्या पायरीवर अडकला. वरून तीन पोरी ओढत होत्या, खालून पोरगा लोटत होता, सून बाजूनं धरून होती. मी खाली उभी राहून सांगत होती, आडवा करा, उभा करा.

"आजी, बाजूले हो," नातीन वरून म्हने. "पाय दबन."

मी बाजूले झाली.